माऊस एका क्लिकला दोनदा क्लिक होतो. दुरुस्त होईल की नवाच घ्यावा?

दुरुस्त होतो. तुम्ही लिहिलंय की एकदाच दाबलं तरी फोल्डर उघडतं, फाइल ओढून नेताना मधेच सुटते आणि विंडोज नव्याने टाकूनही फरक पडला नाही. पडणारच नव्हता. हा रोग विंडोजचा नाही, डाव्या बटणाखाली बसलेल्या नखाएवढ्या स्विचचा आहे.

माझं डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळे दिवसभर हातात माऊसच. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत माझ्या माऊसला हेच झालं. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या चित्रावर पुन्हा क्लिक पडलं की कोपऱ्यांवर फिरवायचे बाण येतात. पत्रिकेवरचा गणपती कोपरा धरून जरा लहान करायला जावं, तर तो लहान व्हायच्या ऐवजी कलायचा. एका पत्रिकेत असाच अंशभर तिरका राहिला. मला दिसला नाही. प्रूफ बघायला आलेल्या नवरीच्या आजी चष्मा वर करून म्हणाल्या, "बाळा, देव पडतोय रे." पत्रिका छपाईला गेली नव्हती म्हणून वाचलो.

खोलायच्या आधी खात्री करून घ्या. नोटपॅडमध्ये चार ओळी टाइप करा आणि एका शब्दावर सावकाश, सुटंसुटं वीस-पंचवीस वेळा क्लिक करा. चांगला माऊस तिथे नुसता कर्सर ठेवतो. मधेच कधी अख्खा शब्द निळा झाला तर दुसरं क्लिक आपोआप पडलंय. मग बटण दाबून धरून ओळी निवडत खाली या. बोट न उचलता निवड तुटली तर तेच दुखणं. आता सेटिंगमध्ये मुख्य बटण 'उजवं' करून हीच परीक्षा उजव्या बटणाने द्या. तिथे सगळं सुरळीत असेल तर दोष फक्त डाव्या स्विचमध्ये आहे.

डबल-क्लिकचा वेग बदला असं तुम्हाला हमखास कोणीतरी सांगेल. नका वेळ घालवू. विंडोज मुळात ५०० मिलिसेकंदांच्या आत पडलेली दोन क्लिक 'डबल' धरतं. सेटिंगमधली वेगाची पट्टी पार जलद टोकाला नेली तरी हा वेळ २०० च्या आसपास येतो, आणि हे चोरटं क्लिक तर त्याच्याही कितीतरी आधी पडून गेलेलं असतं.

आत काय होतं ते सांगतो. त्या इवल्या डबीत तांब्याच्या मिश्रधातूची एक ताणलेली पत्ती असते. बटण दाबलं की ती 'टिक' करून उलटते आणि खालच्या कॉन्टॅक्टवर आपटते. आपटली की थोडी उडते, पुन्हा टेकते. नव्या कोऱ्या स्विचमध्येही हे होतंच, पण ते काही मिलिसेकंदांत संपतं आणि माऊसमधली चिप तेवढ्या वेळापुरता कानाडोळा करते. वापरून वापरून पत्तीचा ताण कमी होतो, कॉन्टॅक्टवर काळपट थर चढतो, मग हे थरथरणं चिपच्या सहनशक्तीपेक्षा जास्त टिकतं आणि तिला वाटतं, दोनदा दाबलं. ओढताना फाइल सुटते तीही याचमुळे: क्षणभर कॉन्टॅक्ट तुटला की संगणकाच्या लेखी तुम्ही बोट उचललेलं असतं. मोठ्या स्विचमध्ये ठिणगी पडून हा थर जळून जातो, माऊसमधला प्रवाह मात्र इतका किरकोळ की थर तसाच राहतो. १ कोटी, २ कोटी क्लिकचं आयुष्य जाहिरातीत लिहितात ते वाचून फार भारावू नका.

वॉरंटी शिल्लक असेल तर इथेच थांबा आणि माऊस बदलून घ्या, खोलू नका. महागड्या काही माऊसमध्ये प्रकाशाचा किरण अडवून क्लिक मोजणारे ऑप्टिकल स्विच असतात. त्यांना पुढचं काही लागू नाही.

वायरलेस असेल तर आधी सेल काढा. स्क्रू सहसा तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली लपवलेले असतात. पट्टी हेअर ड्रायरने थोडी गरम केली की न फाटता निघते. वरचं झाकण हिसका देऊन उचलू नका, काहींमध्ये दोन्ही भागांना जोडणारी पातळ रिबन असते आणि ती तुटली की मग खरंच नवा घ्यावा लागतो. आत डावीकडे-उजवीकडे दोन सारख्या आयताकृती डब्या दिसतील, प्रत्येकीवर एक छोटं बटण. हेच ते स्विच.

सोल्डरिंग (तापलेल्या गनने धातू वितळवून भाग जोडणं-सोडवणं) जमत नसेल तर स्विचच्या बटणाच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एकच थेंब सोडा, पन्नासेक वेळा दाबा, पूर्ण वाळू द्या. बिजागऱ्यांना मारायचा तेलकट स्प्रे चुकूनही नको. माझा माऊस या उपायाने आठ दिवस चालला. एखाद्याचा सहा महिने चालेल, पत्ती थकलेली असेल तर दोन दिवसही नाही.

काही जण स्विचचं झाकण ब्लेडने उचकटून आतली पत्ती वाकवतात आणि तिला पुन्हा ताण देतात. होतं ते, मीही केलं. झाकण सुटलं, आणि त्याबरोबर ते तिळाएवढं बटण जे उडालं ते टेबलाखाली, कागदाच्या रिमांमागे, झाडूच्या कचऱ्यात, कुठेच सापडलं नाही. तुम्ही करणारच असाल तर पसरट थाळीत करा.

मग मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. उजवं बटण आपण डाव्याच्या मानाने किती वापरतो? त्याचा स्विच जवळजवळ नवाच असतो. तो काढायचा, डावीकडे बसवायचा, आणि डावीकडचा आजारी उजवीकडे. उजवं क्लिक दोनदा पडलं तर फार तर मेनू पुन्हा उघडतो, कुणाचा गणपती कलत नाही. पैसे शून्य. तुम्हाला माझा सल्ला हाच.

स्विचला खाली तीन पाय असतात. कंपनीचं सोल्डर लवकर वितळत नाही, म्हणून आधी त्यावर आपलं साधं ६०/४० सोल्डर (कथील-शिशाची तार) वितळवून मिसळा. तिन्ही पायांवर मिळून एकच थेंब पसरवला आणि गन त्यावर मागे-पुढे फिरवत ठेवली की स्विच आपसूक ढिला होऊन हातात येतो. ओढायचा मोह आवरा. जोर लावला तर बोर्डावरची तांब्याची कडी उखडते. भोकं सकरने (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप) किंवा विकने (ते शोषून घेणारी तांब्याची जाळीदार पट्टी) साफ करा. बसवताना दिशा चुकू नका: वरचं छोटं बटण मध्यावर नसतं, एका कडेला असतं. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा. माझ्याकडे गन होतीच. तुमच्याकडे नसेल तर मोबाईल दुरुस्तीवाला पाच मिनिटांत करून देईल, फक्त त्याला नेमकं काय कुठे लावायचं ते सांगा. नाहीतर तोही आधी ड्रायव्हर बघत बसेल.

माझा डावा स्विच तर मीच मारला होता, त्यामुळे उजवीकडची जागा रिकामीच राहिली. पंधरा दिवस उजव्या क्लिकशिवाय काढले; मेनूसाठी शिफ्ट आणि एफ१० दाबत होतो. मग पुण्याला जाणं झालं तेव्हा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून दोन स्विच आणले. तुमच्याकडे असं दुकान नसेल तर ऑनलाइन 'माऊस मायक्रो स्विच' शोधा. ओमरॉन, हुआनो, कैल्ह अशी नावं दिसतील. तीन पायांचा आणि तुमच्या जुन्या स्विचच्याच मापाचा बघून घ्या. किंवा आधी घरातला एखादा मेलेला माऊस खोलून बघा, त्यातला उजवा स्विच बहुधा धडधाकट असतो. दुसरा आणलेला स्विच अजून माझ्या खणात पुडीत आहे.