ईमेल उघडायच्या आधीच तो स्पॅम आहे हे कसं ओळखतात?

मजकुरापर्यंत जायची वेळ बऱ्याचदा येतच नाही. आधी पाठवणाऱ्याची झडती होते. ज्या सर्व्हरवरून ईमेल आला त्याचा आयपी पत्ता काळ्या यादीत असेल, तर तो दारातूनच परत जातो. ‘प्रेषक’ म्हणून नाव कुणाचंही टाकता येतं, पाकिटावर लिहावं तसं. म्हणून एसपीएफ नावाच्या तपासणीने पाहतात की या डोमेनच्या (ईमेल पत्त्यातल्या @ पुढच्या भागाच्या) नावाने पाठवायची त्या सर्व्हरला परवानगी आहे का, आणि डीकेआयएम या दुसऱ्या तपासणीने ईमेलवरची डिजिटल सही तपासतात. रोज ५,००० किंवा त्याहून जास्त ईमेल जीमेलवर पाठवणाऱ्यांना २०२४ पासून हे दोन्ही सक्तीचं आहे.

मग शब्दांची पाळी. नुसतं ‘फुकट’ दिसलं म्हणून कुणी स्पॅम ठरवत नाही. पण ‘फुकट’, ‘अभिनंदन’, ‘आजच शेवटचा दिवस’ आणि भलतीकडे नेणारी लिंक एकत्र आली की संशयाचे गुण वाढत जातात. ठरलेली मर्यादा ओलांडली की रवानगी स्पॅममध्ये. ‘फु.क.ट’ असं तोडून लिहिणारे महाभाग असतात, पण तसं लिहिणंच उलट संशय वाढवतं!

हे गुण यंत्र शिकतं ते मुख्यतः लोकांनी दाबलेल्या ‘स्पॅम’ आणि ‘स्पॅम नाही’ या बटणांवरून. त्यामुळे कामाचा ईमेल स्पॅममध्ये सापडला तर नुसता वाचून सोडू नका, ‘स्पॅम नाही’ हे बटण दाबा.