उतारवयातील गुंतवणूक : भीती कशाची आणि भरवसा कोणावर?

प्रश्न : माझे वडील ७४ वर्षांचे असून विलेपार्ले (पूर्व) येथे राहतात. आयुष्यभर त्यांनी पोस्ट आणि मुदत ठेव यांपलीकडे कुठेही पैसे गुंतवले नाहीत. आजही पासबुकातील प्रत्येक नोंदीवर ते पेन्सिलीने बारीक खूण करतात. इमारतीच्या पुनर्विकासात बिल्डरकडून मिळालेल्या एकरकमी निधीपैकी (कॉर्पस) थोडी रक्कम म्युच्युअल फंडात ठेवा म्हटले, तर ‘या वयात जुगार नको’ असे म्हणतात. पण सकाळी फिरायला येणाऱ्या एका स्नेह्याच्या शब्दावर तीच रक्कम १३ टक्के व्याज देणाऱ्या पतसंस्थेत ठेवायला निघाले आहेत. हे वयामुळे होते का? त्यांचे व्यवहार मी हाती घ्यावेत का?
— एक वाचक भगिनी, मुलुंड

उत्तर : वडिलांच्या दृष्टीने हे दोन्ही निर्णय सावधपणाचेच आहेत, कारण बाजाराची पडझड रोज वर्तमानपत्रात दिसते, तर पतसंस्थेतील धोका पैसे परत मागण्याच्या दिवसापर्यंत दिसतच नाही.

म्हातारपणी माणूस भित्रा होतो, हा समज सरसकट खरा नाही. अटी आणि शक्यता कागदावर स्पष्ट मांडलेल्या असल्या, तर ज्येष्ठांच्या आणि तरुणांच्या निवडीत फारसा फरक आढळत नाही. अनुभवातून नव्याने शिकत निर्णय घ्यायचा असतो, तेव्हा मात्र तो जाणवतो. साठवलेले ज्ञान उतारवयातही पुष्कळ टिकते, नवी माहिती झटपट जुळवण्याची शक्ती आधी उणावते. अमेरिकेतील कर्जव्यवहारांच्या २००९ मधील एका अभ्यासात सर्वांत कमी चुका ५३ वर्षांच्या आसपास दिसल्या होत्या. शिवाय, मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सेन यांच्या मांडणीनुसार, हाती उरलेला काळ थोडा वाटू लागला की माणूस मनाला समाधान देणाऱ्या जवळच्या नात्यांना अधिक मोल देतो. रोज सोबत चालणाऱ्या स्नेह्याचा शब्द त्यामुळेच जड ठरत असावा.

मुद्दल बुडण्याची त्यांची भीती मात्र मला रास्त वाटते. चाळिशीत झालेला तोटा पुढच्या पगारांतून भरून काढता येतो, चौऱ्याहत्तरीत तो पगारच नसतो. म्हणून फंडाचा आग्रह आपणही तूर्त सोडावा.

पतसंस्थेबाबत गप्प राहू नका. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत ५ लाख रुपयांपर्यंत जे ठेव विम्याचे संरक्षण आहे, ते पतसंस्थेतील ठेवींना नाही, हे त्यांना शांतपणे सांगा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि दर तिमाहीला व्याज मिळते. पोस्टावर विश्वास असलेल्या माणसाला हा पर्याय परका वाटणार नाही.

व्यवहार हाती घेण्याची घाई मला पटत नाही. पासबुकावर अजून खुणा करणारा माणूस जागा आहे, आणि त्याच्या हातून हिशेब काढून घेणे त्याला फार लागेल. एकच बिल दोनदा भरणे, नेहमीचा हिशेब न जुळणे असे काही नव्याने दिसू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. एरवी नामनिर्देशन तपासून घ्या आणि त्यांची संमती असेल तर खात्याला आपले नाव जोडा. पतसंस्था एवढे व्याज कोणत्या उत्पन्नातून देणार, मुदतीपूर्वी पैसे मिळतील का आणि संस्था अडचणीत आली तर दाद कोणाकडे मागायची, हे तीन प्रश्न त्यांनाच त्या पेन्सिलीने वहीत उतरवायला सांगा. स्नेह्याकडून आणि संस्थेकडून लेखी उत्तरे येईपर्यंत कॉर्पसची रक्कम बचत खात्यातच राहू द्या. महिनाभराचे व्याज थोडे कमी मिळाले तरी चालेल.