वेळापत्रक परत पाठवतोय

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि तुझ्या सामुदायिक रेडिओ केंद्राचं आठवड्याचं वेळापत्रक, दोन्ही मिळालं. वेळापत्रकावर पेन्सिलीने खुणा केल्यात. पुष्कळ आहेत, घाबरू नकोस.

पहिली खूण सकाळी अकराच्या 'खास महिलांसाठी'वर. तुझ्या तालुक्यात अकरा वाजता घरात असतं कोण? बायका खुरपायला गेलेल्या असतात. त्या ऐकणार पहाटे धार काढताना, नाहीतर रात्री भाकऱ्या उरकल्यावर. ही अकराची वेळ कुठून आली ते मला ठाऊक आहे. ती शहरातल्या वेळापत्रकातून उचललेली आहे. आधी चार गावं फिर आणि लोक किती वाजता काय करतात तेवढंच वहीत लिही. शाळा कधी भरते, मुक्कामाची एसटी कधी सुटते, शेतीपंपाची वीज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री. रात्रीची पाळी असली की माणूस बारा वाजता मोटर चालू करून बांधावर एकटा बसलेला असतो. इतकं मन लावून ऐकणारा श्रोता तुला दुसरा मिळायचा नाही, आणि तुझं केंद्र नऊलाच बंद!

हे मी नवीन काही सांगत नाही. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत ऐकणाऱ्यांची मंडळं बसवली होती. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. लोक एकत्र बसून ऐकत, नंतर त्यावर बोलत आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे जात. कार्यक्रम दोन्ही बाजूंनी चालायला हवा, हे तेव्हाच कळलेलं होतं. पुढे १९६३ मध्ये सांगलीला केंद्र झालं, नंतर रत्नागिरी, जळगाव अशी गावं आली. फक्त आसपासच्या भागापुरतं म्हणून आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र निघालं ते १९८४ मध्ये, तमिळनाडूत नागरकोईलला. तरी तेही सरकारीच. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. २००२ मध्ये शिक्षणसंस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओचे परवाने खुले झाले. तुझी नोकरी या शेवटच्या निर्णयातून आलेली आहे. माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून 'माणदेशी तरंग वाहिनी' हे असंच केंद्र चालतं, एफएम ९०.४ वर. एकदा जाऊन ये. दुष्काळी मुलखातलं केंद्र काय बोलतं ते तिथे बसून ऐक.

बातम्या करता येत नाहीत म्हणून तू खट्टू झालीस. आकाशवाणीच्या बातम्या देता येतात, स्वतःच्या नाहीत, हे खरं. पण पाणी कधी सुटणार, वीज कधी जाणार, पाऊस, जत्रा, कुस्त्या, परीक्षांचे निकाल, प्रवेशाच्या तारखा हे सगळं नियमाने बातमीत धरतच नाहीत. दहा-बारा किलोमीटरच्या टापूत याहून मोठी बातमी कोणती असते? फार तर शंभर वॅटचं प्रक्षेपण आणि तीस मीटरचा मनोरा यात आपलं सगळं जग. त्या जगातल्या प्रत्येक वाडीचं नाव तिथल्याच माणसाकडून म्हणून घे. च आणि ज गावागणिक फसवतात. एकदा नाव चुकलं की ते गाव आपल्याला परकं समजतं, आणि मग वर्षभर फोन येत नाही.

फर्माइशीच्या कार्यक्रमाला तू वीस मिनिटं दिलीस आणि नावं वाचायची नाहीत असं लिहिलंस. वाच! आमच्याकडे पोस्टकार्डं यायची. एकेका कार्डावर आजोबांपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळं घर. गाणं तीन मिनिटांचं आणि नावं चार मिनिटांची. वरिष्ठ वैतागायचे. पण लोक गाणं नव्हे, नावं ऐकायला बसत.

तुझा डेमो ऐकला. आवाज छान आहे, पण श्वास घ्यायला जागा नाही, आणि 'मित्रांनो' म्हणून तू सभेला बोलतेस. समोर एकच बाई बसलीय असं समज. तिचे हात पिठात आहेत, तिला घाई नाही.

शेवटची खूण संग्रहावर आहे. तीन महिन्यांपर्यंतचं ध्वनिमुद्रण जपायचं, हा नियम तू बरोबर लिहिलास. नंतर पुसायचं, हे मात्र खोड. मी एकदा एका म्हातारीला ओव्या म्हणायला स्टुडिओत आणलं. खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, लाल दिवा लागला आणि बाई गप्प. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, ते अगदी शब्दशः आहे हे मला त्या दिवशी कळलं. मग आम्ही तिच्या घरी गेलो. खुंटा हातात आला तसा गळा सुटला. दगडाची घरघर, मधूनच ओंजळभर ज्वारी टाकताना आवाज अडखळायचा, लांब कोंबडा. पाऊण तास भरला. तेव्हा टेपांची टंचाई असे, जुन्यावरच नवं भरायचो. काही महिन्यांनी त्याच स्पूलवर मी खतांच्या मात्रेवरचं भाषण भरलं. मीच, माझ्या हातांनी, डबीवरचं नाव वाचून. म्हातारी त्याच वर्षी गेली.

तुझ्याकडे हार्ड डिस्क आहे, एकाच्या दोन घे. आणि ज्या घरी जातं अजून ओट्याखाली ढकललेलं असेल ते घर आधी शोध. दळण नको असेल तर हळकुंडं घेऊन जा. गेल्या गेल्या यंत्र बाहेर काढू नकोस, चहा होऊ दे.

सुधारलेलं वेळापत्रक पाठव. रात्रीच्या पाळीचं काय केलंस ते मी पहिलं बघणार आहे.

तुझा,
काका