फोटोतला हापूस मळकट का दिसतो?

प्रश्न : ताई, जामसंड्याला आमची हापूसची कलमं आहेत. यंदा फळांचे फोटो मीच काढून मुंबईच्या गिऱ्हाइकांना पाठवतोय. फोटोशॉपमध्ये आंबा छान केशरी दिसतो, मोबाइलवर मात्र मळकट. एका बाईंनी तर ‘माल जुना आहे का?’ असं विचारलं. फाइल लहान व्हावी म्हणून एक्सपोर्ट करताना ‘एम्बेड कलर प्रोफाइल’वरची टिक काढतो. फाइलींची नावं ‘_डीएससी’ने सुरू होतात. ‘असाइन प्रोफाइल’मधून एसआरजीबी निवडून बघितलं, तर फोटोशॉपमध्येही रंग उतरला. मॉनिटर बदलू का?
– एक बागायतदार, देवगड तालुका

उत्तर : मॉनिटरवर पैसे घालू नका, भाऊ. नावाच्या सुरुवातीची ती आडवी रेघच सगळं सांगते. एसआरजीबी आणि अ‍ॅडोबी आरजीबी या रंग आकड्यांनी लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबीवर लावलेला असला की बहुतेक कंपन्यांचे कॅमेरे जेपीईजीला तशी रेघ देतात.

फाइलमध्ये रंग आकड्यांनी लिहिलेला असतो. पिकल्या हापूसच्या जवळचा नारिंगी घ्या : एसआरजीबीत २५५, १६५, ०. तोच रंग अ‍ॅडोबी आरजीबीत साधारण २३३, १६३, ३८ असा लिहिला जातो. लाल कमी, निळा जास्त. प्रोफाइल, म्हणजे आकडे कोणत्या पद्धतीने वाचायचे ते सांगणारी नोंद, जोडलेलं असेल तर फोटोशॉप हे बरोबर वाचतं. तुम्ही ते काढून टाकता, मग मोबाइल त्या आकड्यांना एसआरजीबी समजतो आणि केशरी मळतो. दराच्या पाटीवर आकडा राहिला, पण डझनाचा की पेटीचा ते पुसलं गेलं, तसं हे झालं.

‘असाइन’ने आकडे तसेच राहतात, फक्त त्यांचा अर्थ बदलतो. म्हणून तुमचा रंग उतरला. तुम्हाला हवं आहे ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’. त्यात रंग राखून आकडे बदलतात. एडिट मेनूत दोन्ही शेजारी शेजारी आहेत, तेव्हा नीट बघून निवडा. एसआरजीबीत कन्व्हर्ट करा आणि एक्सपोर्ट करताना ती टिक राहू द्या. तिने वाढणारा आकार अगदी किरकोळ असतो.

प्रोफाइल गळलेल्या जुन्या फाइलींना मात्र आधी ‘असाइन’ने अ‍ॅडोबी आरजीबी द्या. रंग परत येईल. मग कन्व्हर्ट करा.

कृपा करून सॅच्युरेशन वाढवून हे झाकू नका. कणकवलीत माझ्या फोटो लॅबमध्ये हंगामात असे भडक आंबे फार येतात, आणि मला मनापासून वाईट वाटतं. वर्षभर राबून पिकवलेलं फळ आहे त्याच रंगात दिसायला हवं. गिऱ्हाईक पेटी उघडून तेच बघणार असतं.

पुढच्या खेपेला कॅमेऱ्याच्या मेनूत ‘कलर स्पेस’ एसआरजीबी करून ठेवा. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढत असाल तर त्या सेटिंगने रॉमधल्या नोंदी बदलत नाहीत, तिथे एक्सपोर्टच सांभाळा. पेटीवर छापायचे फोटो असतील तर मूळ फाइल कन्व्हर्ट न करता जपून ठेवा आणि छापखान्याला कोणतं सीएमवायके (छपाईच्या चार शायांचं) प्रोफाइल हवंय, ते आधी विचारून घ्या.