बेळगाव-खानापूर भागात गाड्यांच्या कटकटीशिवाय सायकलनं फिरण्याजोगे रस्ते आहेत का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून तुम्ही दोघं नवरा-बायको सायकली घेऊन येणार, हातात तीन दिवस आहेत, चढाचं भय नाही पण ट्रकचं आहे. परदेशात असतात तसे सायकलींसाठी राखलेले रस्ते इकडच्या डोंगरात आहेत का, असा तुमचा प्रश्न.

नाहीत. एकही नाही. पण जिथं तासाभरात दोन मोटरसायकली आणि एक दुधाची गाडी भेटते असे रस्ते हवे तेवढे आहेत. ते ओळखायचे कसे हे आधी सांगतो, कारण नुसती गावांची नावं दिली तर मोबाइलचा नकाशा तुम्हाला फिरवून परत हायवेवरच आणून सोडेल.

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत कामाला आहे. सहा दिवस भट्टी आणि रेती, सातव्या दिवशी सकाळी सहाला सायकल बाहेर. पंधरा-सोळा वर्षांत एकच नियम हाती लागला: जो रस्ता पुढं कुठंच जात नाही, तो धरायचा. ज्या गावात बस रात्री मुक्कामाला येते आणि सकाळी शाळेची पोरं घेऊन माघारी फिरते, त्या गावाच्या रस्त्याला परक्या गाडीचं काही कामच नसतं. असे दोन रस्ते मधल्या पाणंदीनं जोडले की झाली तुमची फेरी. म्हणून मी टपरीवर रस्ता कुठं जातो हे विचारत नाही, मुक्कामाची बस कुठं थांबते ते विचारतो.

यात सीमेचाही हात आहे. आता कोल्हापूर जिल्ह्यात असलेला चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यातच होता. सोयरीक, बाजार, दवाखाना सगळं बेळगावला, त्यामुळं गावागावांना जोडणाऱ्या जुन्या वाटा आहेतच. नंतर मधून राज्याची हद्द गेली आणि कितीतरी ठिकाणी या सरकारचं डांबर आपल्या शेवटच्या बांधापाशी थांबलं, त्या सरकारचं त्यांच्या बांधापाशी. मधे फर्लांगभर लाल मुरूम. मोठ्या गाड्या तिथं येत नाहीत. सायकलीला काय, आरामात जाते. सीमाप्रश्नानं आम्हाला काय दिलं असं कुणी विचारलं तर मी मनातल्या मनात म्हणतो, हे रस्ते दिले. चारचौघांत म्हणायची सोय नाही.

तर पहिला दिवस याच शिवेवर घालवा. एकच दिवस असता तरी मी हाच सांगितला असता. बेळगावहून हिंडलगा, बेळगुंदी, राकसकोप, तिथून तुडये, मग शिनोळीकडं येऊन देवरवाडीचा वैजनाथ, आणि उचगाववरून परत. पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या आसपास होतात. हिंडलगा सुटेपर्यंत गर्दी आहे, ती सहन करायची. बेळगुंदीपासून मात्र रस्ता खालीवर व्हायला लागतो आणि दोन्ही बाजूंना लाल माती. हा पट्टा रताळ्यांचा. काढणीच्या दिवसांत बांधावर बायका रताळी निवडत बसलेल्या दिसतात, मोठी एका पोत्यात, मोडकी दुसरीकडं. थांबून पाणी मागितलंत तर मोडक्यातली दोन-चार हातात पडतात. एकदा मी नको नको म्हणत होतो, तर मावशी म्हणाल्या, "घ्या की, सायकल काय पाण्यावर चालतीया?" ती कच्चीच खाल्ली, चाकूनं साल काढून. भूक लागली असेल तर कच्चं रताळं फार छान लागतं.

राकसकोपचं धरण मार्कंडेय नदीवर आहे, बेळगाव शहर त्याचंही पाणी पितं. पाण्याच्या अलीकडं कर्नाटक, पुढं तुडयेत महाराष्ट्र. हद्द कळते ती पाटीवरून. इकडं कन्नड, तिकडं देवनागरी. बोलणं दोन्हीकडं एकच.

तुडयेच्या पुढं एकदा नकाशावरच्या बारीक रेघेवर विश्वास ठेवून मी एका पाणंदीत घुसलो. अर्ध्या मैलावर एक आजोबा म्हशी घेऊन येत होते. विचारलं, "अण्णा, इकडनं सायकल जाते का?" त्यांनी सायकलीकडं नीट बघितलं, टायरवर काठी टेकवली. "जातीया की," म्हणाले, "पण खांद्यावरनं." खरंच तसं झालं. ओढा, त्यापलीकडं करवंदीची जाळी, आणि बाहेर आलो तेव्हा दोन्ही ट्यूब बसलेल्या. तेव्हापासून दोन जादा ट्यूब आणि हातपंप घेतल्याशिवाय निघत नाही. पंक्चरवाला चंदगडच्या बाजूला मोठ्या फाट्यावरच भेटेल, आणि तोही मोटरसायकलवाला असतो, तुमच्या बारीक व्हॉल्व्हला त्याच्याकडं काही नसतं.

वैजनाथ डोंगरावर आहे, शेवटचा चढ दमवतो. वर महिपाळगड, किल्ल्याच्या आतच वस्ती. पाय शिल्लक असतील तर जा.

दुसरा दिवस खानापूर. बेळगाव-खानापूर हायवे सायकलीचा नव्हे. येळ्ळूरवरून राजहंसगडाच्या पायथ्यानं नंदिहळ्ळी, गर्लगुंजी असं भातशेतीतून जायचं. थोडं लांब पडतं, पण हायवे टळतो. खानापूर म्हणजे कौलं आणि मातीची भांडी. तिथून नंदगड, आणि नंदगडहून आत हलशी. नंदगडला कित्तूरच्या बाजूनं लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली इंग्रजांनी फाशी दिली, समाधी बघून जा. हलशी ही कदंबांची जुनी राजधानी. भूवराह-नरसिंह मंदिरात दोन गाभारे समोरासमोर आहेत, मधे उभं राहिलं की एका बाजूला वराह, दुसऱ्या बाजूला नरसिंह. एरवी देवळातल्या दगडांत मला फार रस नसतो, इथं तासभर बसलो. खानापूर-नंदगड रस्त्यावर हल्याळकडची वाहतूक असते, तेवढा तुकडा सकाळी उरकावा.

तिसरा दिवस जांबोटी. खानापूरहून जांबोटीला जाणारा रस्ता झाडीतला आणि मोकळा. जांबोटीच्या परिसरात मलप्रभेकाठी हब्बनहट्टीचा स्वयंभू मारुती, पाण्यात पाय सोडून बसायला उत्तम. जांबोटीला मात्र तुम्ही बेळगाव-चोर्ला-गोवा रस्त्याला लागता आणि तिथं सगळा हिशोब बदलतो. शनिवार-रविवारी गोव्याच्या गाड्या अशा वळणं कापतात की सायकलवाला त्यांच्या हिशोबातच नसतो. एकदा एका गाडीनं मला सरळ चरात घातलं आणि थांबलीही नाही. म्हणून तिसरा दिवस मधल्या वारी येईल असं बघा, आणि जांबोटी-कणकुंबी पट्टा उजाडता उजाडता करा. कणकुंबीला माउलीचं देऊळ आणि मलप्रभेचा उगम. गंमत अशी, इथं एका उतारावर पडलेला पाऊस मलप्रभेतून कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जातो, आणि शेजारच्या उतारावरचा म्हादईतून अरबी समुद्राला. कणकुंबीला पोचलात की पारवाड, चिखले, आमगावकडचे आतले फाटे धरा. हेच ते पुढं कुठंही न जाणारे रस्ते.

खालचा चोर्ला घाट उतरू नका, परत चढायचा कंटाळा येईल. एरवी हा मुलूख आधीच उंचावर आहे, बेळगाव शहरच साडेसातशे मीटरवर, त्यामुळं इथले चढ लांबलचक नसतात. पाच मिनिटं चढ, दोन मिनिटं उतार, दिवसभर. वरवर सोपं वाटतं, संध्याकाळी मांड्या सांगतात.

हेम्माडगाचा रस्ता नकाशावर बघून मोह होईल. तो भीमगड अभयारण्यातून जातो, २०११ साली ते जाहीर झालं. गवे आहेत, अस्वलं आहेत, हत्ती फिरतात. वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय आत शिरू नका, आणि पाचनंतर तर नकोच. गवा रस्त्यात दिसला तर घंटी वाजवू नका. थांबा, तो जाईल.

कधी यावं? पावसाळ्यात नको. कणकुंबीकडं पाऊस नुसता ओततो, फरशी पूल पाण्याखाली जातात आणि डांबरावर शेवाळ धरतं. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी चांगलं. सुगीत रस्त्यावर भात आणि नाचणी वाळत घातलेली असते. बाजूनं जा. तुडवलंत तर शिव्या बसतील, आणि पिंजर, म्हणजे भाताचं गवत, मागच्या गिअरमध्ये गेलं तर अर्धा तास काडीनं उकरत बसाल. त्याच दिवसांत उसाचे दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर चंदगड बाजूला सुरू होतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा.

मुक्काम दोन्ही रात्री खानापुरातच ठेवा. पहिल्या दिवशी उचगाववरून तीनच्या आत बेळगावात आलात आणि दम असेल तर गर्लगुंजीचा रस्ता त्याच संध्याकाळी उरकेल. नाहीतर सायकली खानापूरला थांबणाऱ्या रेल्वेगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये बुक करा. अर्धा तास आधी स्टेशनवर जावं लागतं आणि पार्सलवाल्याशी थोडं गोड बोलावं लागतं.