कीड आणि वर मित्र?

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं आहे: "बांधावरचं गाजर गवत खाणाऱ्या मेक्सिकन भुंग्याला आमच्याकडे 'मित्रकीड' म्हणतात. कीड मित्र कशी असेल? शब्द चुकलाय का?"

शंका रास्त आहे. 'किडा' आणि 'कीड' दोघंही संस्कृत 'कीट'च्या घरातले, पण नांदतात वेगळे. किडा हा नुसता जीव. कांद्यावरचे फुलकिडे पात रापवतात, ढालकिडा (लेडीबर्ड) पिकाचा रस शोषणारा मावा फस्त करतो; दोघेही किडेच. कीड मात्र 'लागते' किंवा 'पडते': दाताला, धान्याला, लाकडाला, आणि माणसं फारच वैतागली की समाजालासुद्धा. नुकसान त्या शब्दातच मुरलेलं आहे. म्हणून 'शत्रुकीड' म्हणजे पिवळा पीतांबर, आणि 'मित्रकीड' कानाला खटकते.

तरी शेतीच्या लिखाणात ती रुळली आहे. ढालकिडा, क्रायसोपा (हिरव्या जाळीदार पंखांचा कीटक) यांच्यासाठी ती चालूनही जाते, कारण ते किडींना खातात. मेक्सिकन भुंग्याची गोष्ट निराळी. तो एकही कीड खात नाही, खातो पाला. छाटणीनंतर द्राक्षवेलीवर फुटणारे डोळे (कोंब) कुरतडणारा तुमचा उडद्या भुंगाही शाकाहारीच, आणि दोघांचं कूळही एकच! फरक फक्त ताटात काय आहे याचा.

हा भुंगा 1983 मध्ये मेक्सिकोतून बेंगळुरूला आणला आणि पुढच्या वर्षी सोडला. पुढे तो सूर्यफुलाची पानं खाताना दिसला आणि एकच ओरड झाली: मित्राची कीड झाली! तपासाअंती कळलं, की पानांवर गाजर गवताचे परागकण पडले होते, त्या ओढीने तो तिकडे गेला होता. (गाजर गवत आणि सूर्यफूल तसे भाऊबंदच, एका कुळातले.) कीटक तोच, पण त्याला काय म्हणायचं हे शेतकऱ्याचं पीक ठरवतं.

मी स्वतः 'मित्रकीटक' लिहितो. या भुंग्याला तर 'तणखाऊ भुंगा' म्हणावं, म्हणजे मैत्रीची हमी द्यावी लागत नाही. बोलताना मात्र "पावसाळ्यात भुंगे सोडले" एवढंच पुरतं. आणि गाजर गवत हे ना गाजर, ना गवत. पण त्या नावाला हात लावायची माझी हिंमत नाही. फार तर त्याचं दुसरं नाव घ्या, 'चटकचांदणी' म्हणा.