निरोगी माणसाच्या लघवीतल्या प्रोटीनचा बीपीच्या हार्मोन्सशी काही संबंध असतो का?
हो, असतो. निरोगी माणसाच्या लघवीतूनही थोडं प्रोटीन जातंच. दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या आत असेल तर ते नॉर्मल.

बीपी उतरलं की किडनी रेनिन नावाचं एन्झाइम सोडते आणि त्यामुळे पुढे अँजिओटेन्सिन-२ हे बीपी वाढवणारं हार्मोन तयार होतं. खरी मेख इथे आहे: किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर नेणारी बारीक रक्तवाहिनी हे हार्मोन जास्त आवळतं. त्यामुळे गाळणीतला दाब वाढतो आणि अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रोटीन) जरा जास्त झिरपू शकतं. म्हणूनच अँजिओटेन्सिन-२ चं काम रोखणाऱ्या टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्यांनी लघवीतलं प्रोटीनही कमी होतं.

एका रिपोर्टवरून घाबरू नका, कारण ताप किंवा दमवणाऱ्या व्यायामानंतर आकडा तात्पुरता वाढतो. सकाळच्या पहिल्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन तपासणी (क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थाच्या तुलनेत अल्ब्युमिन किती, ते मोजणारी) पुन्हा करा. तीन महिन्यांनीही ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या वरच असेल, तर मात्र डॉक्टरांना नक्की दाखवा.